ना मीठ, ना भट्टी: रोस्ट बेटावरचा कॉड

नॉर्वेच्या नकाशात लोफोटेन द्वीपमाला शोधा आणि तिच्या पार नैर्ऋत्य टोकाला जा. बोडो शहरापासून भर समुद्रात सुमारे शंभर किलोमीटरवर रोस्ट ही नगरपालिका आहे. 1928 पर्यंत ती शेजारच्या वेरॉय नगरपालिकेचा भाग होती. बेटं आणि खडक मिळून 365, असं तिथे सांगतात. अर्थात कुठला खडक बेट म्हणून मोजायचा, हा ज्याचा त्याचा प्रश्न! पाचेकशे लोकांची वस्ती जवळपास सगळी रोस्टलांडेट या मुख्य बेटावर आहे. हे बेट इतकं सपाट, की त्याचा सर्वांत उंच भाग जेमतेम 12 मीटरचा. त्याच्या नैर्ऋत्येची बेटं मात्र सरळसोट कड्यांची आहेत. तिथला स्टोरफिएले डोंगर 259 मीटर उंच असून आसपासच्या कड्यांवर पफिन पक्ष्यांची मोठी वसाहत आहे.

रोस्ट उत्तर ध्रुववृत्ताच्याही वर आहे, तरी जानेवारीतलं सरासरी तापमान शून्याच्या आसपासच राहतं. अटलांटिकचं कोमट पाणी किनाऱ्यालगत उत्तरेकडे वाहत असतं, ही त्याचीच किमया. इथल्या माणसांचं पोट याच तापमानावर चालतं.

जानेवारी ते एप्रिल या काळात नॉर्वेच्या उत्तरेकडच्या बॅरेंट्स समुद्रातला कॉड मासा अंडी घालायला लोफोटेनकडे येतो. त्याचं डोकं आणि आतडी काढून टाकतात, सारख्या आकाराचे दोन मासे शेपटीशी बांधतात आणि ही जोडी लाकडी मांडवाच्या दांडीवर टांगतात. मीठ अजिबात लावत नाहीत. बोंबीलही बिनमिठाचा वाळतो, पण तो कोकणातल्या कडक उन्हात काही दिवसांत. कॉड जाड अंगाचा, त्याला फेब्रुवारी ते मे असे तीन-एक महिने लागतात.

या काळात थंडी फार वाढली तर मांसातल्या पाण्याचे बर्फकण धागे फाडतात आणि मासा भुसभुशीत होतो. फार ऊब आली तर आतला भाग सुकायच्या आधीच आंबतो, शिवाय माश्या अंडी घालतात. पाऊस लांबला की बुरशीचे डाग पडतात. म्हणून शून्याच्या किंचित वर तापमान आणि सतत वारा, हे रोस्टचं हवामान या कामाला नेमकं जुळतं. उतरवलेला मासा आणखी दोन-तीन महिने हवेशीर कोठारात मुरवतात. तोवर त्याचं वजन मूळच्या पावपट किंवा त्याहूनही कमी झालेलं असतं.

या माशाचं जुनं वर्णन एका व्हेनिसच्या व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय. पिएत्रो क्वेरिनी 1431 मध्ये क्रीटहून 68 जणांसह वाइन घेऊन फ्लँडर्सला (आजच्या बेल्जियमच्या भागात) निघाला. वादळात सुकाणू गेलं, जहाज सोडावं लागलं आणि 1432 च्या जानेवारीत उरलेले खलाशी रोस्टच्या एका निर्जन बेटावर लागले. तिथल्या कोळ्यांनी त्यांना शोधून घरी नेलं. वाचले ते 11. मे महिन्यापर्यंत ते तिथेच राहिले. वाऱ्या-उन्हात बिनमिठाचा वाळवलेला, लाकडासारखा टणक आणि खाण्याआधी कुटावा लागणारा मासा, असं क्वेरिनी लिहितो. इटलीला हा मासा त्याच्यामुळेच कळला, ही गोष्ट मात्र जरा सांभाळूनच ऐकावी: नॉर्वेच्या बर्गन बंदरातून वाळलेल्या कॉडचा व्यापार त्याच्या आधीपासूनच जोरात होता.

आजही प्रत्येक मासा प्रत ठरवणारा जाणकार हातात घेऊन पारखतो: लांबी, जाडी, वास, पोटाची आतली बाजू, डाग. प्रती वीसच्या घरात आहेत. उत्तम माल इटलीला जातो. काढलेली डोकीही टाकून देत नाहीत. ती वेगळी वाळवतात आणि नायजेरियाला पाठवतात. तिथे ती रश्शात शिजतात.