शॅम्पेन मागताना, शॅम्पेन घेताना

डिसेंबर लागला की काउंटरवर एक वाक्य हमखास ऐकू येतं: “एक शॅम्पेन द्या, हजार-दीड हजारापर्यंतची.” त्या पैशांत आमच्याकडे शॅम्पेन नाही. बुडबुड्यांची चांगली वाइन मात्र आहे. एकतीस तारखेच्या गर्दीत यातला फरक उभ्या उभ्या सांगायला गेलं की मागची रांग कुरकुरते, म्हणून हे पत्रक. बिलासोबत घरी न्या.

शॅम्पेन हे आधी एका प्रदेशाचं नाव आहे, मग दारूचं. पॅरिसच्या पूर्वेला साधारण दीडशे किलोमीटरवर, रँस आणि एपर्ने या शहरांच्या आसपास हा मुलूख पसरला आहे. सुमारे 34,000 हेक्टर द्राक्षबागा, खाली खडूची पांढरी जमीन, वर थंड हवा. थंडीमुळे द्राक्षं पिकली तरी त्यांचा आंबटपणा जात नाही आणि या वाइनला तोच हवा असतो. मुख्य जाती तीन: पिनो न्वार, म्यूनिए आणि शार्दोने. पहिल्या दोन काळ्या आहेत, तरी वाइन पांढरी होते, कारण रंग सालीत असतो आणि रस हलक्या हाताने काढतात. द्राक्षं हातानेच तोडायची, 4,000 किलो द्राक्षांतून 2,550 लिटरपेक्षा जास्त रस घ्यायचा नाही, बाटली भरल्यावर किमान 15 महिने तळघरात ठेवायची आणि एकाच वर्षाच्या द्राक्षांची, म्हणजे ‘विंटेज’ शॅम्पेन असेल तर 3 वर्षं. हे सगळं त्याच मुलखात आणि याच नियमांनी झालं, तरच लेबलवर ‘शॅम्पेन’ छापता येतं.

नियम इतके कडक का, हे आपल्याकडच्या बागाईतदाराला लगेच कळेल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथली पिकं सलग काही वर्षं बुडाली. त्यातच काही व्यापारी बाहेरून स्वस्त द्राक्षं आणून त्याचीच शॅम्पेन विकत होते. 1911 मध्ये शेतकऱ्यांचा संयम सुटला. वाइनची पिंपं रस्त्यावर आणि नदीत रिकामी झाली, आय गावात व्यापाऱ्यांच्या इमारती पेटल्या, सैन्य बोलवावं लागलं. शॅम्पेनच्या मुलखाची हद्द कुठपर्यंत, या वादावर 1927 च्या कायद्याने पडदा पडला. तेव्हापासून ते लोक या नावाला जिवापाड जपतात. स्वित्झर्लंडमध्ये शॅम्पेन नावाचंच एक जुनं गाव आहे. त्या गावालाही स्वतःच्या वाइनवर स्वतःचं नाव लावणं 2004 पासून बंद करावं लागलं. आम्हाला हे जरा अतीच वाटतं, पण कायदा तसा आहे.

मुलाने अमेरिकेहून आणलेली ‘कॅलिफोर्निया शॅम्पेन’ आम्हाला कौतुकाने दाखवणारे ग्राहकही आहेत. ती बाटली बनावट नसते. 2006 मध्ये युरोप आणि अमेरिकेचा करार झाला, तेव्हा आधीपासून ते नाव वापरणाऱ्यांना सूट मिळाली. पण ती फ्रान्सची शॅम्पेन नव्हे.

आता बुडबुडे. तयार वाइन बाटलीत भरताना तिच्यात थोडी साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करतात. आत पुन्हा आंबवण सुरू होतं, गॅस तयार होतो आणि बाहेर पडायला वाट नसल्याने वाइनमध्येच मुरतो. यीस्ट मरून तळाशी बसतं. त्या गाळावर जितके महिने जातील, तितकी भाजलेल्या पावासारखी, सुक्या मेव्यासारखी चव उतरते. मग बाटली हळूहळू उलटी करत गाळ मानेत आणायचा, मान गोठवायची आणि बूच काढताच तो बर्फाचा गोळा आतल्या दाबाने बाहेर उडतो. शेवटी हवा तेवढा गोडवा घालून पक्कं बूच.

ही पद्धत शॅम्पेनची खास ओळख समजली जाते, पण ती त्यांच्यापुरती नाही. स्पेनची कावा अशीच होते, फ्रान्सच्या इतर भागांतली क्रेमाँ अशीच होते आणि नाशिकमधल्या काही वायनरीही असंच करतात. इटलीची प्रोसेको बहुतेक वेळा वेगळी: तिचं दुसरं आंबवण मोठ्या बंद टाकीत होतं, म्हणून ती ताज्या फळांच्या वासाची आणि स्वस्त असते. स्वस्त म्हणजे हलक्या दर्जाची असं नाही. उन्हाळ्याच्या दुपारी आम्ही तीच पसंत करू.

दिंडोरीला शांडोनची वायनरी आहे. मोएट अँड शांडोन ही नामांकित शॅम्पेन त्याच समूहाची, तरीही दिंडोरीच्या बाटलीवर ‘शॅम्पेन’ हा शब्द तुम्हाला सापडणार नाही. नारायणगावला ऐंशीच्या दशकात फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने ‘उमर खय्याम’ निघाली आणि परदेशातही विकली गेली. गंमत म्हणजे त्या कंपनीच्या स्वतःच्याच नावात पुढे ‘शॅम्पेन’ होतं!

लेबलवर आमचे ग्राहक फसतात ते गोडव्याच्या शब्दांवर. ‘एक्स्ट्रा ड्राय’ म्हणजे सगळ्यात कोरडी, म्हणजेच सगळ्यात कमी गोड असं वाटतं, पण ती ‘ब्रुट’पेक्षा गोड असते. ब्रुटमध्ये लिटरला 12 ग्रॅमपेक्षा कमी साखर, एक्स्ट्रा ड्रायमध्ये 12 ते 17, तर ‘देमी-सेक’मध्ये 32 ते 50. बटाटेवडा, तळलेले बोंबील, खारवलेले काजू असतील तर ब्रुट घ्या. केक कापायचा असेल तर देमी-सेक, नाहीतर केकपुढे ब्रुट नुसती आंबट लागते. शॅम्पेनच्या लेबलवर बारीक अक्षरांत ‘आरएम’ असेल, तर ती स्वतःच्या बागेतल्या द्राक्षांपासून शेतकऱ्यानेच केलेली. ‘एनएम’ म्हणजे द्राक्षं विकत घेऊ शकणारी पेढी. मोठी नावं बहुतेक याच प्रकारातली.

वाढदिवसाला नुसती हलवून उडवायचीच असेल, तर मोकळेपणाने सांगा. त्यासाठी तशाच बाटलीत फळांच्या रसाचं बिनदारूचं पेय मिळतं. महागडी बाटली भिंतीवर गेलेली पाहून आमचाच जीव कळवळतो.

बाटलीत गाडीच्या टायरच्या दुपटीहून जास्त दाब असतो. म्हणून एप्रिल-मेच्या उन्हात ती गाडीत विसरू नका आणि घाईत फ्रीजरमध्येही टाकू नका. फ्रीजमध्ये तीन-चार तास पुरतात. उघडताना तोंड माणसांकडे नको. तार सोडवताना अंगठा बुचावरून हलवायचा नाही, मग बूच घट्ट धरून बाटली फिरवायची. मोठा आवाज होऊ द्यायचा नाही.

उरलेल्या बाटलीत चमचा अडकवून ठेवला की गॅस टिकतो असं घरोघरी सांगतात. टिकत नाही. त्यासाठी दोन्ही बाजूंनी चिमटा असलेलं बूच मिळतं, दुसऱ्या दिवसापर्यंत ते निभावतं. आमच्याकडे काउंटरच्या डाव्या बाजूला ठेवलेलं आहे.