बाहीवरच्या ‘पी’पासून धनादेश क्रमांक एकपर्यंत

१६९७ साली इंग्लंडमध्ये कायदा झाला. गावाच्या मदतीवर जगणाऱ्याने उजव्या बाहीवर, खांद्यापाशी, लाल किंवा निळ्या कापडाचं ‘पी’ अक्षर शिवून घ्यायचं. ‘पी’ म्हणजे ‘पॉपर’, कंगाल. गोरगरिबांची सोय लावणं हे स्थानिक पॅरिशचं, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावकारभाराचं काम, असं १६०१ मध्येच ठरलं होतं आणि त्यासाठी करही गोळा होई. पोटाला मिळायचं, पण मान खाली घालून. १८३४ नंतर तर धडधाकट माणसाला वर्कहाऊसचा, म्हणजे राबवून घेणाऱ्या गरीबखान्याचा रस्ता दाखवायचा आणि तिथलं जगणं बाहेरच्या मजुरापेक्षा वाईटच ठेवायचं, असं धोरणच झालं.

मदतीचा हक्क झाला तो विम्याच्या वाटेने. जर्मनीत चॅन्सेलर (सरकारप्रमुख) बिस्मार्कने १८८३ मध्ये आजारपणाचा विमा आणला, १८८९ मध्ये म्हातारपणाची पेन्शन. कळवळ्यापेक्षा हिशेब मोठा होता : समाजवाद्यांकडे झुकलेला कामगार सरकारकडे ओढायचा होता. पेन्शनचं वय ७०. तिथवर पोचणारेच थोडे!

अमेरिकेत अशी पेन्शन महामंदीच्या काळात, १९३५ च्या सोशल सिक्युरिटी (सामाजिक सुरक्षा) कायद्याने आली. १९३७ पासून पगारातला १ टक्का कामगाराचा आणि तेवढाच मालकाचा जमा होऊ लागला. व्हरमाँट राज्यातल्या लडलोच्या आयडा मे फुलर वकिलाच्या कचेरीत कामाला होत्या. १९३९ मध्ये कामानिमित्त रटलंडला गेल्या असताना, आपल्या पगारातून जे कापतात त्याचं होतं काय, हे विचारायला त्या सरकारी कचेरीत डोकावल्या. ३१ जानेवारी १९४० ला देशातला पहिला मासिक धनादेश त्यांच्या नावे निघाला : क्रमांक ००-०००-००१, रक्कम २२ डॉलर ५४ सेंट. तीन वर्षांत त्यांनी भरले होते २४ डॉलर ७५ सेंट. दुसऱ्याच धनादेशात वसूल! बाई शंभर वर्षं जगल्या आणि त्यांना एकूण २२,८८८ डॉलर ९२ सेंट मिळाले.

वरचे पैसे आले कुठून? त्या-त्या वेळी नोकरीत असलेल्यांच्या पगारातून. आणि ते देताना कोणी मेहेरबानी केली नाही. अटी कायद्यात लिहिलेल्या असतात; त्या तुम्ही पूर्ण केल्या, की ‘यंदा जमणार नाही’ असं म्हणायची सोय सरकारला उरत नाही. हक्काची योजना म्हणतात ती हीच.

मात्र शेतमजूर आणि घरकामगार या कायद्यातून सुरुवातीला वगळलेले होते. त्यांत कृष्णवर्णीयांची संख्या मोठी. १९५० पासून त्यांना टप्प्याटप्प्याने आत घेतलं.

१९६५ मध्ये एकाच कायद्याने दोन आरोग्ययोजना जन्मल्या. मेडिकेअर मुख्यतः पासष्टी ओलांडलेल्यांसाठी, मेडिकेड कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी. दोन्ही हक्काच्याच. फक्त मेडिकेडच्या अर्जासोबत आपण गरीब आहोत हे कागदांनी दाखवावं लागतं.