तारामती शोधताना: दुर्गाबाई खोटे यांच्यामागचा काळ

‘राजा हरिश्चंद्र’साठी फाळक्यांना मुंबईभर शोधूनही तारामती मिळेना. कोठीवरच्या बायकांनीसुद्धा पडद्यावर यायला नकार दिला. शेवटी ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके लुगडं नेसून उभे राहिले. हे १९१३ साल. प्रेक्षकांना त्याचं फारसं नवल नव्हतं. बालगंधर्वांचे स्त्रीपार्ट बघायला घरंदाज बायकाही गर्दी करत. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई पडद्यावर आल्या. या मायलेकींचं ऋण आपण पुरेसं मानत नाही, असं मला नेहमी वाटतं.

बोलपट आला आणि कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने हरिश्चंद्राचीच कथा घेतली: ‘अयोध्येचा राजा’, १९३२. या वेळची तारामती होती दुर्गा खोटे. १९०५ साली मुंबईत लाडांच्या घरी जन्मलेली, सेंट झेवियर्स कॉलेजात शिकलेली. सासरची सुबत्ता ओसरली, पदरात दोन मुलगे. कमावणं भाग होतं. आदल्या वर्षी ‘फरेबी जाल’मध्ये त्यांनी छोटं काम केलं होतं. तो चित्रपट अंगाशी आला, चांगल्या घरातल्या बाईने हे काय केलं म्हणून लोकांनी नावं ठेवली. दुसरी एखादी घरी बसली असती. दुर्गाबाई दिग्दर्शक व्ही. शांताराम, म्हणजे शांतारामबापू, यांच्या बोलावण्यावरून कोल्हापूरला गेल्या.

तिथलं काम आज डोळ्यांसमोर आणणं कठीण आहे. पार्श्वगायन नव्हतं, त्यामुळे अभिनय करता करताच गायचं. साजिंदे कॅमेऱ्याच्या नजरेआड, पण आवाज पोचेल इतक्या अंतरावर. चित्रपट मराठीत आणि हिंदीत एकदमच होत होता, म्हणजे रडण्याचा प्रसंगही दोन्ही भाषांत रडायचा. गोविंदराव टेंब्यांसारखा मुरलेला कलावंत समोर हरिश्चंद्र म्हणून उभा. त्यात ही नवखी बाई टिकली, आणि मग ‘चांगल्या घरातल्या’ मुलींना आडकाठी करणाऱ्यांची भाषा हळूहळू मवाळ झाली.

पुढे १९३६ च्या ‘अमर ज्योती’त त्या समुद्रावरच्या बंडखोर सौदामिनी झाल्या. नट कंपनीचे पगारी नोकर असत त्या दिवसांत दुर्गाबाई एका कंपनीला बांधून राहिल्या नाहीत. कोल्हापूर, कलकत्ता, मुंबई, जिथे भूमिका तिथे. ‘मुघल-ए-आझम’मधली जोधाबाई सगळ्यांना आठवते. फाळक्यांच्या नावाचा पुरस्कार १९८३ साली त्यांना मिळाला.

मला मात्र त्यांची रंगभूमी जास्त महत्त्वाची वाटते. बोलपटाने नाटक कंपन्या बसवल्या, तेव्हा गिरगावात मुंबई मराठी साहित्य संघाने डॉ. भालेरावांच्या पुढाकाराने नाटक धरून ठेवलं. सिनेमात नाव झालेल्या दुर्गाबाई तिथे तालमींना येऊन बसल्या. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’त नानासाहेब फाटकांचे राघोबादादा आणि दुर्गाबाईंची आनंदीबाई. ‘ध’चा ‘मा’ करणारी बाई म्हणजे कपाळावर आठ्या आणि चढा आवाज, ही ठरलेली गोष्ट. तिच्यातली पेशवीणबाईची ऐट आणि नवऱ्यावरची पकड दाखवायला भारदस्तपणा लागतो. तो त्यांच्याकडे उपजत होता. शिरवाडकरांच्या ‘राजमुकुट’मध्ये, म्हणजे मराठी ‘मॅकबेथ’मध्ये, त्या पुन्हा नानासाहेबांसमोर उभ्या राहिल्या, तेव्हा वयाची पन्नाशी जवळ आली होती.