स्वयंचलित बॅकअप

स्वयंचलित बॅकअप : संगणकावरील कामाची प्रत वापरणाऱ्याने दर वेळी आज्ञा न देता, ठरावीक अंतराने किंवा फाईल बदलताच तयार करून ठेवणारी व्यवस्था. या नावाखाली व्यवहारात तीन गोष्टींची सरमिसळ होते : उघडी फाईल आपोआप सेव्ह होणे, फाईलच्या जुन्या आवृत्त्या राखणे आणि दुसऱ्या ठिकाणी स्वतंत्र प्रत ठेवणे. काही लेखक तिन्ही एकाच सदरात घेतात. येथे तिसरा अर्थ मुख्य मानला असून पहिल्या दोहोंचा विचार पूर्वपीठिका म्हणून केला आहे.

उगमाबाबत दोन मते आढळतात. एका मतानुसार आरंभ मल्टिक्स या बहुवापरकर्ता प्रणालीपासून, म्हणजे साधारणतः १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून धरावा. तीत बदललेल्या फायली टेपवर उतरवणारी प्रक्रिया पार्श्वभूमीला चालू असे. हरवलेली फाईल हवी असल्यास संगणक केंद्राकडे मागणी नोंदवावी लागे. दुसरे मत आयटीएस आणि टेनेक्स या त्याच सुमाराच्या प्रणालींकडे बोट दाखवते. तेथे फाईल पुन्हा सेव्ह केली की जुनीवर न लिहिता पुढच्या क्रमांकाची नवी फाईल तयार होई. ही पद्धत डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या व्हीएमएस प्रणालीने (१९७८) सर्वत्र नेली. तीत नावापुढे अर्धविराम आणि आवृत्तीचा क्रमांक असे. डिस्क भरत आली की जुने क्रमांक काढण्यासाठी वेगळी आज्ञा होती. वापरणाऱ्याला आपली जुनी प्रत कोणाला न विचारता उघडता येई, हा या मताचा खरा आधार. मात्र सर्व क्रमांक एकाच डिस्कवर राहत, आणि डिस्क गेली की सगळेच जाई. वर स्वीकारलेली व्याख्या धरली तर पहिले मत अधिक ग्राह्य ठरते.

संपादन-प्रणालींतील आपोआप सेव्हची सोय याला समांतर वाढली. युनिक्स प्रणालीवरील व्हीआय हा मजकूर-संपादक चालू मजकूर तात्पुरत्या फाईलमध्ये ठेवी. यंत्र मध्येच बंद पडले तर तो जतन करून वापरणाऱ्याला तसे कळवणारी मेल पाठवली जाई. जीएनयू ईमॅक्स या दुसऱ्या संपादकात ३०० कळा दाबल्यावर किंवा ३० सेकंद हात थांबल्यावर स्वतंत्र प्रत लिहिली जाते. एमएस वर्डमध्ये हे अंतर सर्वसाधारणपणे १० मिनिटांचे असते. ऑटोकॅड हा आराखडे काढण्याचा प्रोग्राम अशाच अंतराने तात्पुरती फाईल लिहितो आणि सेव्ह करताना आधीची प्रत वेगळ्या नावाने ठेवतो.

सांगली-साताऱ्याच्या डीटीपी (संगणकावरील छपाई-मांडणी) केंद्रांत दीर्घकाळ पेजमेकर हा पानांच्या मांडणीचा प्रोग्राम चालला. त्याची पद्धत निराळी होती. पान बदलले, पान वाढवले किंवा काढले की तो आतल्या आत छोटा सेव्ह करी, आणि शिफ्ट दाबून रिव्हर्ट (मागे जा) ही आज्ञा निवडली की मजकूर तेथपर्यंत मागे जाई. एकाच पानावर तासभर काम करणाऱ्या ऑपरेटरला, म्हणजे निवडणुकीच्या दिवसांत हँडबिलची मांडणी करणाऱ्याला, याचा उपयोग जवळजवळ शून्य.

लाईट गेल्यावर फाईल करप्ट होते, यामागे बहुधा लिहिण्याची पद्धत असते. जुन्याच फाईलवर थेट लिहिणारा प्रोग्राम अर्ध्यावर थांबला तर जुने मोडलेले असते आणि नवे पुरे झालेले नसते. सावध प्रोग्राम आधी वेगळी फाईल पूर्ण लिहितात आणि मग नाव बदलून जुनीच्या जागी आणतात. दर वेळी सगळे उतरवणे परवडत नसल्याने फक्त बदललेल्या फायली किंवा त्यांतील बदललेले तुकडे घेतले जातात. तुकड्यांची तुलना करून फरकच पाठवण्याचे तंत्र आरसिंक (१९९६) या प्रोग्रामने रूढ केले. ॲपलची टाइम मशीन (२००७) गेल्या २४ तासांतील ताशी, महिन्याभरातील रोजच्या आणि त्याआधीच्या आठवड्याच्या प्रती ठेवते. जागा संपली की सर्वांत जुनी प्रत काढते.

सॉफ्टवेअर निवडताना वेळापत्रकापेक्षा ते कोणते फोल्डर पाहते हे आधी तपासावे. विंडोज ८ पासूनची (२०१२) फाइल हिस्टरी दर तासाला प्रत घेते, पण मूळ मांडणीत डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स यांसारखे ठरलेले फोल्डरच तिच्या कक्षेत येतात. विंडोज पुन्हा टाकताना सी ड्राइव्ह पुसला जातो म्हणून आपल्याकडे काम डी ड्राइव्हवर ठेवण्याची चाल आहे. ते फोल्डर मुद्दाम जोडले नाहीत तर नेमके तेच सुटते. डुप्लिकाटीसारखी मोफत साधने कोणतेही फोल्डर घेतात, प्रत कुलूपबंद करतात, म्हणजे पासवर्डशिवाय न वाचता येणाऱ्या रूपात ठेवतात, आणि ती दूरच्या सर्व्हरवरही पाठवतात. गूगल ड्राइव्हसारखे सिंक, म्हणजे दोन ठिकाणच्या फायली सारख्या ठेवणे, हे बॅकअप नव्हे, कारण येथे पुसले की तेथेही पुसले जाते. बाहेरून चढवलेल्या फायलींच्या जुन्या आवृत्त्या तेथे सर्वसाधारणपणे ३० दिवस किंवा १०० आवृत्त्यांपर्यंत मिळतात. मे २०१७ मधील वॉनाक्रायसारखे खंडणीखोर व्हायरस विंडोजच्या अंतर्गत प्रती पुसून टाकतात आणि जोडून ठेवलेली एक्स्टर्नल डिस्कही कुलूपबंद करतात.

तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे, एक प्रत परगावी हा संकेत छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्या नावे सांगितला जातो. सांगलीत यातील तिसरी अट महत्त्वाची ठरते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. सांगली नगर वाचनालयाची असंख्य पुस्तके त्या पुरात भिजली. गणपती पेठेतल्या तळमजल्यावर संगणक आणि त्याच कपाटात एक्स्टर्नल डिस्क, ही मांडणी अशा वेळी एकाच प्रतीइतकी. सातारा शहर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी उंचावर असल्याने तेथे पुराची भीती तुलनेने कमी; चोरी, शॉर्टसर्किट आणि व्हायरस तेथेही आहेतच.

मराठी मजकुराबाबत एक अडचण उरते. श्रीलिपी, आकृती या सॉफ्टवेअरच्या युनिकोडपूर्व (अक्षरांना सर्वमान्य संकेत मिळण्याआधीच्या) फाँटमध्ये केलेल्या फायली परत मिळाल्या तरी फाँट नसेल तर त्या वाचता येत नाहीत. अक्षरांच्या जागी रोमन चिन्हे दिसतात. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ची. म्हणून जुन्या कामाच्या बॅकअपमध्ये फाँटच्या फायली, मूळ सॉफ्टवेअरची सीडी आणि प्रत्येक पुस्तकाची पीडीएफ सोबत ठेवतात. त्यातही पीडीएफमधून छपाई पुन्हा करता येते. मात्र तिच्यातला मजकूर कॉपी करायला गेले की तीच रोमन चिन्हे हाती येतात आणि फाँट कन्व्हर्टर वापरावा लागतो.