माळवदाच्या घरापासून क्लासच्या रचनेपर्यंत: डिझाइन पॅटर्नची पार्श्वभूमी

लातूर, जालना किंवा हिंगोलीच्या भुसार बाजारात आडत दुकानांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांना इलेक्ट्रॉनिक काट्याचं दुखणं चांगलंच ठाऊक असतं. एक काटा सीरियल पोर्टवर आकड्यांची अखंड धार सोडतो, दुसरा विचारल्याशिवाय काही पाठवत नाही, तिसरा आकड्यापुढे एककाची अक्षरं चिकटवतो. पहिल्या दुकानात एक इफ-एल्स ('असं असेल तर हे, नाहीतर ते' अशी अट) चालून जातं. दुकानं वाढत गेली की हिशोबपट्टी छापणाऱ्या कोडमध्येही काट्याच्या कंपनीची चौकशी सुरू होते, आणि पुढे कुठे हात लावला तर काय मोडेल याचा भरवसा राहत नाही. मग कोणीतरी शहाणपणाने प्रत्येक काट्याला स्वतंत्र क्लास (माहिती आणि तिच्यावरची कामं एकत्र बांधणारा कोडचा भाग) देतो आणि बाकीचा प्रोग्राम फक्त 'वजन दे' एवढंच म्हणतो. या रचनेला अॅडॅप्टर म्हणतात. ते नाव कधी कानावर न पडलेल्या कितीतरी जणांनी हेच केलेलं आहे. डिझाइन पॅटर्नचा सगळा इतिहास याच गोष्टीभोवती फिरतो: जाणती माणसं अडचणीतून जी वाट पुन्हापुन्हा काढतात, ती नीट पाहायची, तिला नाव द्यायचं आणि ती कोणत्या परिस्थितीत चालते हेही सोबत लिहून ठेवायचं.

ही कल्पना प्रोग्रामिंगमध्ये आली ती घरबांधणीतून. ख्रिस्तोफर अलेक्झांडर यांचा जन्म 1936 मध्ये व्हिएन्नाचा. गणित आणि वास्तुरचना अशा दोन्ही विषयांचं शिक्षण घेतलेला हा माणूस 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातमधल्या बावरा नावाच्या खेड्यात काही महिने राहिला. गावाला नेमकं काय काय लागतं याची त्यांनी 141 गरजांची यादी केली. पाणी, गुरं, जात, शेतीची वाट, सावली अशा एकमेकींत गुंतलेल्या गरजा. कोणती गरज कोणत्या गरजेला ओढते हे पाहून त्यांचे गट पाडण्याची पद्धत त्यांनी मांडली आणि 1964 च्या आपल्या पुस्तकात हे खेडं नमुना म्हणून घेतलं. एक गट दुसऱ्याला कमीत कमी अडकवेल अशी विभागणी शोधणं हे प्रोग्रामरचं रोजचं काम. त्याचं इतकं सविस्तर उदाहरण भारतीय गावावर बेतलेलं होतं, हे आपल्याकडच्या अभ्यासक्रमात सांगितलं जात नाही याची मला खरोखर खंत वाटते.

पुढे 1977 मध्ये अलेक्झांडर आणि सहकाऱ्यांचं 'अ पॅटर्न लँग्वेज' आलं. त्यात 253 पॅटर्न आहेत, अख्ख्या प्रदेशाच्या रचनेपासून खोलीतल्या कोपऱ्यापर्यंत. 159 व्या क्रमांकाचा पॅटर्न सांगतो की खोलीला दोन बाजूंनी उजेड हवा. प्रत्येक पॅटर्नमध्ये आधी परिस्थिती, मग परस्परविरोधी ताण, मग त्यावरचा तोडगा आणि शेवटी लहान पॅटर्नांकडे जाणारे दुवे. तोडगा लाखो वेळा वापरता यावा, पण एकदाही हुबेहूब तसाच येऊ नये, ही अलेक्झांडर यांची अट होती.

या अटीचं मोल मराठवाड्यात वेगळं समजावून सांगायची गरज नाही. आपलं माळवदाचं घर पाहा. जाड दगडी भिंती मातीत रचलेल्या, वर लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत गारवा, वर धान्य वाळवायला आणि रात्री निजायला जागा, सामान गावातलंच, कारागीरही गावातलाच. पिढ्यान्‌पिढ्या तावूनसुलाखून निघालेला हा तोडगा होता. पण पावसाळ्याआधी गळती थांबवायला वर नवी माती पडत गेली आणि छताचं ओझं वाढत गेलं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली माणसं हजारोंनी गेली, ती बहुतांशी याच भिंतींखाली आणि छतांखाली. गारवा देणारं वजनच जीवघेणं ठरलं. नंतर नव्या जागी रुंद रस्ते आणि सरळ ओळी आखून गावं उभी राहिली. घरं भूकंपाला टिकतील अशी झाली, पण ढेलज, सोपा, शेजाराला लागून असलेली भिंत या जुन्या रचनेने भागवलेल्या गरजा त्या आखणीत बसल्या नाहीत. लोकांनी पुढे आपापल्या घरांना ओसऱ्या आणि पत्र्याचे आडोसे जोडले. तोडगा कोणत्या ताणांतून जन्मला हे माहीत नसेल, तर तो जसाच्या तसा चालू ठेवणंही महागात पडतं आणि सरसकट टाकून देणंही.

अलेक्झांडर पॅटर्न मांडत होते त्याच काळात ऑब्जेक्टची, म्हणजे क्लासच्या साच्यातून प्रोग्राममध्ये घडणाऱ्या वस्तूंची, बाजू वेगळ्या वाटेने पुढे येत होती. ओस्लोत ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगार्ड यांनी सिम्युला 67 या भाषेत क्लास आणि वारसा (एका क्लासने दुसऱ्याचे गुण घेणं) आणला. झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात अॅलन के यांच्या गटाने स्मॉलटॉक ही भाषा घडवली. तिथेच 1979 मध्ये त्रिग्वे रीन्सकाउग यांनी मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर मांडलं: माहिती, तिचं पडद्यावरचं रूप आणि वापरणाऱ्याच्या सूचना हाताळणारा भाग वेगवेगळे ठेवायचे. आज वेब शिकणाऱ्या कोणत्याही मुलाला पहिल्याच आठवड्यात भेटणारी ही विभागणी वेबच्या कितीतरी आधीची आहे.

दोन्ही वाटा एकत्र आल्या त्या 1987 मध्ये. टेकट्रॉनिक्स कंपनीच्या एका प्रकल्पावर काम करणाऱ्या केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी अलेक्झांडर यांची कल्पना स्मॉलटॉकमधल्या पडद्यावरच्या खिडक्यांच्या रचनेला लावून पाहिली. फक्त पाच पॅटर्न. ते हातात देऊन नवख्या लोकांकडून चांगला आराखडा तयार होतो, असा अनुभव त्यांनी त्या वर्षीच्या ऊप्सला (OOPSLA) या ऑब्जेक्ट-प्रोग्रामिंगच्या परिषदेत मांडला. तिकडे झ्युरिकमध्ये एरिक गॅमा ईटी++ या फ्रेमवर्कवर (प्रोग्राम उभारायच्या तयार सांगाड्यावर) काम करताना पुन्हापुन्हा दिसणाऱ्या रचना टिपत होते. 1991 मध्ये त्यांनी पीएचडी केली ती याच विषयावर. रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन आणि जॉन व्लिसिडीस त्यांना येऊन मिळाले आणि ऑक्टोबर 1994 मध्ये 'डिझाइन पॅटर्न्स' हे पुस्तक ऊप्सला परिषदेतच वाचकांच्या हाती पडलं. 23 पॅटर्न: ऑब्जेक्ट निर्माण करण्याचे 5, जोडणीचे 7, वागणुकीचे 11. उदाहरणं सी++ आणि स्मॉलटॉकमधली.

या चौघांनी नवा शोध लावल्याचा दावा केला नव्हता. वेगवेगळ्या प्रणालींत एकाहून अधिक वेळा वापरली गेलेलीच रचना घ्यायची, हा त्यांचा दंडक. म्हणून प्रत्येक पॅटर्नखाली तो कुठे लागू पडतो, त्याचे बरेवाईट परिणाम काय आणि तो प्रत्यक्षात कुठे वापरला गेला, हे स्वतंत्रपणे लिहिलेलं आहे. माझ्या मते पुस्तकाचा जीव याच भागांत आहे. आकृत्या त्यानंतर. याच चळवळीतून आणखी एक गोष्ट जन्मली: पॅटर्न सगळ्यांना मिळून लिहिता यावेत म्हणून कनिंगहॅम यांनी 1995 मध्ये जगातलं पहिलं विकी, म्हणजे वाचकांनाच पानं लिहिता-बदलता येणारं संकेतस्थळ, सुरू केलं.

मराठवाड्यात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय तेव्हाच्या औरंगाबादेत 1960 पासून होतं, नांदेडचं श्री गुरू गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालय 1981 पासून. आपल्या पिढ्यांची ऑब्जेक्टशी ओळख झाली ती टर्बो सी++ च्या निळ्या पडद्यावर. पॅटर्न मात्र वर्गातून कमी आणि पुण्यातल्या नोकरीच्या मुलाखतींतून जास्त पोचले. मुलाखतीची तयारी म्हणजे नाव, व्याख्या आणि आकृती. लागू कुठे होतो आणि परिणाम काय, ही पानं झेरॉक्समध्ये गळाली. हुशार, कष्टाळू पोरांच्या हाती तोडगे आले, पण ज्या अडचणींसाठी ते होते त्या आल्या नाहीत.

सिंगलटनचं, म्हणजे एका क्लासचा अख्ख्या प्रोग्राममध्ये एकच ऑब्जेक्ट ठेवणाऱ्या पॅटर्नचं, जे झालं ते यामुळेच. पाठ करायला सर्वांत सोपा, म्हणून सर्वांत आधी वापरला जाणारा. बाजार समितीच्या प्रोग्राममध्ये हमाली-तोलाईचे दर ठेवणारा 'सेटिंग्ज' क्लास सिंगलटन केला की सुरुवातीला छान वाटतं, कुठूनही हाक मारता येते. दुसरी समिती त्याच सर्व्हरवर आली की दोघींचे दर एकाच ऑब्जेक्टमध्ये बसत नाहीत. चाचणी लिहायला गेलं तर एका चाचणीने बदललेला दर पुढच्या चाचणीत तसाच राहतो. सगळीकडून हाक मारलेली असल्याने तो काढणंही जड जातं. 2009 मध्ये गॅमा यांनी स्वतः मुलाखतीत सांगितलं की यादीतून काही वगळायचं झालं तर आपण सिंगलटन वगळू.

टीकाही लवकर सुरू झाली होती. 1996 मध्ये संगणकशास्त्रज्ञ पीटर नॉर्व्हिग यांनी दाखवलं की लिस्प किंवा डिलनसारख्या भाषांत 23 पैकी 16 पॅटर्न एकतर दिसेनासे होतात किंवा पुष्कळ सोपे होतात. म्हणजे काही पॅटर्न ही त्या वेळच्या भाषांच्या उणिवांची भरपाई होती. पुढे घडलंही तसंच. यादीतल्या गोष्टी एकेक करून देणारा इटरेटर जवळपास प्रत्येक भाषेच्या फॉर लूपमध्ये विरघळला. 2014 मध्ये जावा 8 मध्ये लॅम्डा (जागच्या जागी लिहायची बिननावाची फंक्शनं) आले आणि एका मेथडसाठी लिहावे लागणारे कितीतरी क्लास गेले. जावातला तयार ऑब्झर्व्हेबल क्लास 2017 मध्ये जावा 9 ने कालबाह्य ठरवला. ऑब्झर्व्हरची, म्हणजे बदल झाला की नोंदवलेल्या सगळ्यांना कळवायची, कल्पना मात्र बटणाच्या प्रत्येक क्लिकमागे आजही आहे.

त्याच 1996 मध्ये ऊप्सलाच्या व्यासपीठावरून अलेक्झांडर प्रोग्रामरांशी बोलले. त्यांचे पॅटर्न माणसाचं जगणं चांगलं व्हावं यासाठी होते. तुमच्या पॅटर्नमुळे प्रोग्राम खरंच चांगले झाले का, असं त्यांनी विचारलं. हिशोबपट्टीवरचा आकडा शेतकऱ्याच्या सोयाबीनचे पैसे ठरवतो, तेव्हा हा प्रश्न आपल्यालाही लागू आहे.

आज हाच प्रोग्राम पायथनमध्ये लिहिला तर मालागणिक बदलणाऱ्या कपातीसाठी स्ट्रॅटेजीचे (प्रत्येक पद्धतीला स्वतंत्र क्लास देणाऱ्या पॅटर्नचे) वेगळे क्लास लागत नाहीत. मालाचं नाव आणि त्यापुढे हिशोब करणारं फंक्शन एवढी डिक्शनरी, म्हणजे जोड्यांची यादी, पुरते, नियम बदलला की एक फंक्शन बदलतं आणि त्याची चाचणी एकट्याने चालवता येते. काट्यांच्या अॅडॅप्टरला मात्र भाषा पर्याय देऊ शकलेली नाही, कारण तिथली विसंगती भाषेतली नाही, बाहेरच्या यंत्रातली आहे. नवा काटा आला की एक छोटा क्लास लिहावा लागतो, आणि हिशोबपट्टीच्या कोडला हात लावावा लागत नाही.