हरिपूरची पेवं आणि पाऊचचा सिलिंडर

सांगलीजवळ वारणा कृष्णेला मिळते त्या हरिपुरात हळद साठवायला जमिनीत पेवं खणत. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आतून मात्र रांजणासारखं फुगलेलं. हळकुंडं भरून तोंड लिंपलं की आतला प्राणवायू कमी होत जातो, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि किडीला जगायला हवा उरत नाही. त्याच कारणानं पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नसे. औषध न मारता हळद वर्षानुवर्षं टिकायची. भाव पडला की भरायचं, माल कमी पडला की काढायचं. पुरवठा साखळीच्या भाषेत ज्याला राखीव साठा म्हणतात, तो सांगलीनं मातीतच उभा केला होता.

२००५ च्या महापुरात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५३ फुटांच्या वर गेलं आणि पेवांत शिरलं. शेकडो पेवं असली तरी ती एकाच नदीकाठी, एकाच मातीत होती, म्हणजे पुराच्या हिशेबानं ते एकच पेव होतं. साठा किती आहे हे सगळे मोजतात. तो साठा एकाच वेळी बुडू शकतो का, हे फार कमी जण पाहतात.

व्यवसायाचा पुरवठा टिकाऊ करताना बहुतेकांची सुरुवातच चुकते. पूर येईल का, संप होईल का, बंदर बंद पडेल का, अशी संकटांची यादी करत बसतात आणि पुढचं संकट नेमकं त्या यादीबाहेरचं निघतं. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाचे प्राध्यापक डेव्हिड सिमची-लेव्ही यांनी फोर्ड कंपनीबरोबर काम करताना हा प्रश्नच उलटा केला. कारण काहीही असो, हा पुरवठादार बंद पडला तर परत चालू व्हायला किती दिवस लागतील? आणि त्याच्याशिवाय आपलं काम किती दिवस चालेल? पहिला आकडा सावरायचा काळ, दुसरा तग धरायचा काळ. पहिला मोठा निघाला की तिथं खिंडार आहे. फोर्डच्या तपासात सर्वांत मोठी खिंडारं बऱ्याचदा अगदी स्वस्त भागांत सापडली. महागड्या मालावर मालकाची नजर असतेच, स्वस्ताकडे कुणी बघत नाही.

सांगलीतल्या हळद पावडरच्या एखाद्या कारखान्याचा हिशेब मांडून पाहू. रोज २ टन पावडर, २०० ग्रॅमची १० हजार पाकिटं. पाकिटाला ४ ग्रॅम फिल्म, म्हणजे पाकीट ज्याचं बनतं तो प्लास्टिकचा पातळ पत्रा, धरली तर रोज ४० किलो छापील लॅमिनेट, म्हणजे थर चिकटवून केलेली फिल्म, लागतं. हळकुंडाची चिंता फार नाही, कारण मार्केट यार्डात राजापुरी जातीची हळद कमी पडली तर हिंगोली-वसमत, निजामाबाद, इरोडचा माल आहे. रंग आणि कुरकुमिन (हळदीला पिवळेपणा देणारा घटक) वेगळं पडतं, म्हणून मिश्रणाचं प्रमाण आधीच तपासून लिहून ठेवायचं, एवढंच. खरी अडचण फिल्मची.

पाऊचची फिल्म रोटोग्रॅव्हूर पद्धतीनं, म्हणजे कोरलेल्या रुळांनी छापतात; त्यात प्रत्येक रंगाला एक कोरलेला सिलिंडर लागतो. सहा रंगांचं डिझाइन म्हणजे सहा सिलिंडर. पैसे आपण भरलेले असतात, सिलिंडर मात्र प्रिंटरच्या गोदामात पडून असतात. तो प्रिंटर बंद पडला की दुसरा हाताशी असूनही उपयोग नाही, कारण सिलिंडर अडकलेले. ते कसेबसे सोडवून आणले तरी घेर, लांबी किंवा शाफ्टची बैठक दुसऱ्याच्या मशीनला जुळेलच असं नाही. नवे कोरून घ्यायचे, चाचणी छपाई मंजूर करायची, छापायचं, लॅमिनेशनचा गोंद पक्का व्हायला ठेवायचं, मग रोल कापायचे. हे सगळं उरकायला २५ दिवस धरू.

आता तग धरायचा काळ. नेहमीच्या दिवसांत फिल्म यायला सरासरी १२ दिवस लागतात, त्यात ४ दिवसांचा चढउतार आणि रोजच्या खपात ८ किलोचा चढउतार असं समजू. राखीव साठ्याचं गणित असं: खपाच्या चढउताराचा वाटा १२ गुणिले ८ चा वर्ग म्हणजे ७६८, तारखेच्या चढउताराचा वाटा ४० चा वर्ग गुणिले ४ चा वर्ग म्हणजे २५,६००. बेरजेचं वर्गमूळ सुमारे १६२. शंभरातल्या ९५ खेपांना माल संपू नये असं हवं असेल तर त्याला १.६५ ने गुणायचं. उत्तर येतं २६८ किलो. त्यात १२ दिवसांचा खप, ४८० किलो, मिळवला की ७४८ किलोवर नवी ऑर्डर सोडायची.

ते दोन आकडे शेजारी ठेवून पाहा: ७६८ आणि २५,६००. खपाचा अंदाज अगदी तंतोतंत केला तरी राखीव साठा २६८ वरून जेमतेम २६४ वर येतो. प्रिंटरच्या तारखेतली ओढाताण ४ दिवसांवरून २ वर आली तर मात्र तो १४० होतो. विक्रीच्या अंदाजावर डोकं शिणवण्यापेक्षा प्रिंटरशी ठरलेला छपाईचा वार पाळून घेणं कितीतरी फायद्याचं.

हे गणित रोजच्या चढउताराचं आहे, महापुराचं नाही. नवी खेप यायच्या आदल्या दिवशी हातात साधारण २६८ किलोच असतात. म्हणजे तग पावणेसात दिवसांचा, सावरायला २५ दिवस. खिंडार सुमारे १८ दिवसांचं, ७२० किलोचं. किलोला २५० रुपये धरले तर १ लाख ८० हजारांची फिल्म. जून ते सप्टेंबर हे चारच महिने ती ठेवली आणि पैशाचं व्याज वर्षाला १२ टक्के धरलं, तर खर्च येतो ७,२०० रुपये. १८ दिवस बंद कारखान्याचे पगार आणि हातची गेलेली दुकानं यांच्यापुढे ही रक्कम काहीच नाही.

याहून स्वस्त तोड म्हणजे बिनछापील फिल्म आणि चिकटवायची लेबलं. साधी फिल्म २०० ग्रॅमलाही चालते आणि त्याच रुंदीच्या दुसऱ्या मालालाही, त्यामुळे कमी साठ्यात जास्त प्रकार सांभाळता येतात. लेबलवर परवाना क्रमांक, वजन, शाकाहारी चिन्ह असं जे जे कायद्याला लागतं ते सगळं हवं. ते डिझाइन उन्हाळ्यातच पक्कं करून ठेवा.

१ फेब्रुवारी १९९७ ला जपानमध्ये करिया इथल्या आयसिन या टोयोटाला सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीच्या कारखान्याला आग लागली. ब्रेकचा दाब वाटून देणारा एक लहानसा व्हॉल्व तिथं बने आणि टोयोटाकडे त्याचा साठा काही तासांचाच होता. टोयोटाचे जपानमधले बहुतेक कारखाने थांबले. तरीही आठवडाभरात गाड्या पुन्हा बाहेर पडू लागल्या, कारण आयसिननं व्हॉल्वची ड्रॉइंगं दुसऱ्या कारखान्यांच्या हाती दिली आणि ज्याला जसं जमेल तसं त्यानं बनवलं. आपल्या बाबतीत ड्रॉइंग म्हणजे पाकिटाची मूळ डिझाइन फाइल, रंगांचे नमुने आणि फिल्मच्या थरांची जाडी. हे आपल्याकडे हवं, आणि सिलिंडर आपल्या मालकीचे असल्याचं ऑर्डरवर लिहिलेलं हवं.

दोन पुरवठादार ठेवले की सुटलो, असं वाटतं. त्यांचे रस्ते तपासा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरलगतच्या शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग सुमारे आठवडाभर बंद होता. एक पुरवठादार कोल्हापूरचा आणि दुसरा बेळगावचा असला तर सांगलीच्या दृष्टीनं ते दोघे एकाच पाण्यापलीकडे अडकलेले. दुसरा पूर्वेकडून येणारा हवा, मिरज-सांगोला-सोलापूर रस्त्यानं. गोदामाचंही तसंच. कवठे महांकाळ आणि जत म्हणजे पावसाची वाट बघणारे तालुके, पण कृष्णेच्या पुरात माल सुरक्षित राहतो तो तिथंच.

माल हलवायचा कधी, हे आयर्विन पुलाच्या फुटांवर बांधून ठेवावं. तिथं इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं आणि त्याच्या रेघा अजून कित्येक भिंतींवर आहेत. तुमच्या शेडमध्ये ती रेघ फरशीपासून ३ फुटांवर असेल, तर पुलापाशी साधारण ५४ फूट झाले की तुमच्याकडे पाणी फरशीला लागतं. नाल्यातून पाणी उलटं आधी येतं, म्हणून आणखी २ फूट सोडा. आता मागं मोजा. ३० टन हळद म्हणजे ५० किलोची ६०० पोती, १० टनांच्या तीन खेपा. हमाल, ट्रक, जाणं-येणं धरून अख्खा दिवस जातो. ४५ फुटांना हमाल मिळत नाहीत, कारण तेव्हा त्यांचीच घरं हलवायची असतात, आणि ट्रकचं भाडंही हाताबाहेर गेलेलं असतं. पोती ४० फुटांच्या आत निघाली पाहिजेत. त्यानंतर फिल्मचे रोल माळ्यावर, पल्व्हरायझरची (दळण्याच्या यंत्राची) मोटर चेन ब्लॉकनं (साखळीच्या कप्पीनं) उचलून वर, आणि शेवटी मेन स्विच बंद. मोटर भिजलीच तर ती वाळवून मेगरनं, म्हणजे विजेची गळती तपासायच्या मीटरनं, इन्सुलेशन मोजल्याशिवाय चालू करू नका. १ मेगाओहमच्या खाली असेल तर जळायचा धोका.

विम्यात एक खाच असते. पॉलिसीत शेडचा पत्ता असतो, हलवलेला माल मात्र दुसऱ्या पत्त्यावर. तो पत्ता नोंदवलेला नसेल तर तिथल्या नुकसानीची भरपाई मिळत नाही. अनेक जागांचा साठा धरणारी फ्लोटर पॉलिसी घ्या, आणि ती मे महिन्यातच.

दुसऱ्या प्रिंटरचा फक्त फोन नंबर वहीत असून भागत नाही. दरवर्षी एप्रिलमध्ये त्याला ५० किलोची खरी ऑर्डर द्या आणि ती फिल्म आपल्या पॅकिंग मशीनवर चालवून बघा. सीलिंगचं तापमान पाच-दहा अंशांनी वेगळं लागतं, कधी छपाईची खूण मशीनच्या डोळ्याला (सेन्सरला) दिसत नाही आणि पाकीट भलत्याच जागी कापलं जातं. ते आकडे मशीनशेजारी भिंतीवर लिहून ठेवा.