विजयदुर्गावरचं ग्रहण आणि डीई४४०

विजयदुर्गावरचे ‘साहेबाचे ओटे’ दाखवताना हमखास सांगतात की १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात इंग्रज खगोलज्ञ लॉकियरने इथेच हेलियम शोधला. लॉकियर तेव्हा इंग्लंडात होता. सूर्याच्या कडेच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेघ त्याने ऑक्टोबरात, ग्रहण नसताना पाहिली. ग्रहण मात्र खरं, आणि आकाशदर्शनाच्या सॉफ्टवेअरला जोडलेली नवी ग्रहसारणी (ग्रहांच्या जागांची आकडेफाइल) तपासायला फर्मास.

स्टेलॅरियम हे असंच एक सॉफ्टवेअर, ते एरवी व्हीएसओपी८७ या सूत्रमालेवर ग्रह चालवतं. नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेची डीई४४० ही ग्रहसारणी (सन १५५० ते २६५०, साधारण १०० एमबी) उतरवून ‘एफेम’ फोल्डरात ठेवायची आणि एफ२ दाबून सेटिंगमध्ये निवडायची. झालं. स्वतःचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचे हाल यापुढे सुरू होतात.

कारण फाइलमध्ये ग्रहांच्या जागा नसतातच, चेबिशेव्ह नावाच्या बहुपदींचे गुणक असतात. चंद्र चपळ, म्हणून त्याच्या वाटेचे चार-चार दिवसांचे तुकडे आणि तीन दिशांच्या दर अक्षाला १३ गुणक. संथ गुरूला ३२ दिवसांसाठी ८ पुरतात. हवी ती वेळ तुकड्यात −१ ते +१ अशी बसवायची, ती ‘क्ष’. पहिली चेबिशेव्ह बहुपदी १, दुसरी क्ष, पुढची प्रत्येक म्हणजे २क्ष गुणिले आधीची, वजा तिच्या आधीची. गुणकांनी गुणून बेरीज केली की किलोमीटर हाती येतात. या बहुपदींची खुबी अशी की चूक तुकडाभर सारखी पसरते, टोकांना फुगत नाही. (कुंडलीची बरीच सॉफ्टवेअरं जेपीएलच्याच आकड्यांवर चालतात. मंगळाला दर अक्षाला ११ गुणक आहेत. मंगळदोषाचा त्यात एकही नाही.)

फाइलमध्ये पृथ्वीही नसते. असतं ते पृथ्वी-चंद्राचं सामाईक वस्तुमानकेंद्र, आणि पृथ्वीपासून मोजलेला चंद्र. चंद्राचे आकडे ८२.३ ने भागून त्या केंद्रातून वजा करा, नाहीतर सूर्य ६ विकलांपर्यंत हलतो (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). अक्ष विषुववृत्ताचे आहेत. क्रांतिवृत्ताचे, म्हणजे सूर्याच्या वार्षिक वाटेचे, समजलात तर आकाश २३.४ अंश कलंडतं, पण ती चूक लगेच दिसते. निरीक्षक पृथ्वीच्या केंद्रात ठेवलात तर चंद्र अंशभरापर्यंत सरकतो आणि विजयदुर्गाच्या खग्रासाच्या वेळेला ग्रहण दिसतच नाही.

वेळेची चूक मात्र या ग्रहणात सापडणार नाही. फाइलची वेळ टीडीबी, म्हणजे ग्रहगणिताचा एकसमान काळ; आपलं घड्याळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर. आज फरक ६९ सेकंदांचा, म्हणजे चंद्र ३८ विकला मागे. १८६८ मध्ये असा फरक जेमतेम काही सेकंद होता. तेव्हा अलीकडचं एखादं पिधान घ्या: चंद्राआड जाणारा तारा पडद्यावर मिनिटभराहून उशिरा झाकला, तर टीडीबी विसरलात.